काळ्या वाळूखालची विहीर

ये, इकडं सरक. अशी लांब बसून नुसती मान हलवणाऱ्या माणसाशी मला बोलता येत नाही. तू साताऱ्यात आणि मी इथं सांगली-मिरजेच्या मधे, हे मला कळतं गं. पण तू शेजारी बसली आहेस असं धरल्याशिवाय माझा हात कागदावर पुढं जात नाही. आणि आधी तुला जरा बोलून घेते. मागे तू तुमच्या सोसायटीच्या अंगणाचा फोटो पाठवलास, ‘मामी, हे ब्लॉक कारखान्याच्या टाकाऊ वाळूचे आहेत, बघ किती छान!’ म्हणून. मी लगेच तुला कळवलं, की आमच्या वस्तीमागची असलीच वाळू उचलून नेताहेत आणि त्या वाळूखाली तुझ्या आजीची विहीर निघाली आहे. त्यावर तू काय पाठवलंस? अंगठा! तुझ्या आईच्या बापानं स्वतःच्या हातानं खणलेली विहीर ती, राहते की बुजते याच्या घोरानं आम्ही इथं अर्धे झालेलो, आणि पोरगी अंगठा पाठवते. म्हणून पहिल्यापासून सांगते. मधे उठू नकोस.

मी लग्न होऊन या वस्तीत आले तेव्हा घराच्या मागच्या दारातून काळी वाळू दिसायची. तेव्हा ती पुरुषभर उंच होती. पुढं घरांच्या वर गेली. फाउंड्रीत वाळूच्या साच्यात लोखंडाचा रस ओततात, आणि साचा वापरून वापरून जळला की ती वाळू बाहेर टाकतात. एमआयडीसीचा शेवटचा रस्ता आणि आपल्या विहाराची भिंत यांच्या मधे जी मोकळी जागा, तीच त्यांना सापडली. वारा सुटला की वाळत घातलेलं पांढरं धोतर दुपारपर्यंत राखाडी. आम्ही तिला काळा डोंगर म्हणायचो, आणि खोटं कशाला बोलू, त्याच डोंगरावर आमची चूल पेटली.

त्या वाळूत लोखंडाचे थेंब असतात. ओतताना सांडलेले, गार होऊन मण्यासारखे झालेले. ते वेचायला आम्ही बायका जायचो. भंगारवाल्याकडून फुटक्या कर्ण्यातलं लोहचुंबक आणायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचं आणि वाळूवरून फिरवायचं. मणी पिशवीला बाहेरून चिकटतात. मग पिशवी उलटी करून चुंबक काढून घेतलं, की सगळे मणी सुळकन पोत्यात. पिशवी नसली तर एकेक मणी नखानं खरवडत बसा! तुझी धाकटी मामी, म्हणजे माझी जाऊ, यात पटाईत. तिची जीभसुद्धा त्या चुंबकासारखीच, एकदा चिकटली की सुटत नाही. पण मनानं सोन्यासारखी बाई. तुझे दोन्ही मामा गेल्यावर घरात आम्ही दोघीच राहिलो, ते तिच्याच जिवावर.

आता तुझ्या आजीचं. मी सासूबाईंना आत्या म्हणायची. आत्या मागच्या दारात बसून डोंगराकडे बोट करायच्या आणि म्हणायच्या, ‘तितं आपली हीर हाय.’ आपल्या लोकांनी धम्म घेतला त्यानंतरची गोष्ट. तोवर गावच्या विहिरीवर आपल्या बायकांनी घागर खाली ठेवायची आणि कुणी वरून ओतेल म्हणून उन्हात उभं राहायचं. वस्तीतल्या पुरुषांनी ठरवलं, बास झालं, आपली आपण खणायची. तुझा आजा पहारीवर होता आणि आत्या पाठीला पोर बांधून डोक्यावरून माती वाहत होत्या. ते पोर म्हणजे तुझी आई.

हे सगळं आत्या सांगायच्या. पण झालं असं की त्यांचं बोट आज विजेच्या खांबाकडं, तर उद्या बाभळीकडं. डोंगर वाढेल तशा खुणाच गेल्या होत्या ना. जाऊ मला हळूच म्हणायची, ‘आत्याची हीर रातीची हिंडाय जाती वाटतं.’ आम्ही तोंडाला पदर लावून हसायचो. आत्या गेल्या, आणि विहिरीचा विषय त्यांच्याबरोबर गेला.

मग गेल्या वर्षी एक दिवस डोंगरावर जेसीबी उभा. पलीकडं पत्र्याची मोठी शेड झाली होती, ती कशाची याचा आम्हाला पत्ता नाही. आम्ही आपल्या नेहमीसारख्या पोतं पसरून बसलो. तर पिवळी टोपी घातलेला साहेब आला, पोरगेलाच होता. म्हणाला, ‘मावशी, इथं बसायचं नाही आता. ही वाळू ब्लॉकसाठी लागते. उद्या वरचे लोक तुम्हाला चोर म्हणतील.’

मी पोतं आवरायला घेतलं. आयुष्य गेलं तिथं, कुणी ‘का बसलीस’ म्हणून विचारलं नव्हतं.

जाऊ उठली. ‘आवं सायब, आमची भांडी काळी, कापडं काळी, नाकातला शेंबूड काळा झाला तवा ही वाळू आमची व्हती. आज कामाची निगाली तर तुमची झाली व्हय?’

‘मावशी, मी नोकरी करतो.’

‘आन आमी काय हितं हवा खायाला आलोय? आमास्नी काय पाचगणी वाटली ही?’

तो हसला. तसा माणूस वाईट नव्हता. शेडमध्ये नेऊन त्यानं एक ब्लॉक माझ्या हातात दिला. राखाडी, जड, कडा कशा चिरल्यासारख्या. मी हात फिरवला तर हाताला काळं काहीच लागलं नाही. आयुष्यभर जे नखातनं निघालं नाही ते इथं असं घट्ट बसलेलं! हे आता लोकांच्या अंगणात जाणार, त्यावर पोरं सायकल चालवणार. मग इतकी वर्षं का नाही केलं गं कुणी? हा प्रश्न मी त्याला विचारला नाही. विचारून त्याला तरी काय ठाऊक?

डोंगर उतरत गेला. घरात ऊन यायला लागलं, मागच्या खोलीत, जिथं कधीच आलं नव्हतं. आम्ही दारातून बघत बसायचो. आणि एक दिवस जेसीबीचा खरड्‌ऽऽ असा आवाज आला. वाळूत असा आवाज येत नाही. ड्रायव्हरनं बादली वर उचलली, खाली वाकून बघितलं आणि मशीन बंद केलं.

आम्ही दोघी धावलो. माझ्या पायात चप्पल नव्हती, ते मला नंतर कळलं. वाळूतून घडीव काळे दगड वर आले होते, एकाला एक लागून, गोल. आतला गोल वाळूनं काठोकाठ भरलेला. ना खांबाजवळ, ना बाभळीजवळ, दोन्हीच्या मधोमध. जाऊनं दगडावरची वाळू पदरानं झाडली. मग एकदम म्हणाली, ‘आत्या वो!’ आणि हुंदका फुटला. ज्या म्हातारीला आम्ही हसलो तिची विहीर आमच्या पायाखाली होती. आम्ही तिच्यावर बसून मणी वेचत होतो.

मी दगडांच्या कडेवरून बोट फिरवलं. दोराच्या खाचा शोधत होते. गावच्या जुन्या विहिरीवर बघ, मनगट बसेल एवढ्या खोल खाचा पडल्यात, पिढ्यान्‌पिढ्यांच्या दोराच्या. आपल्या विहिरीच्या खाचा डोळ्याला दिसतच नाहीत. बोटाला लागतात, तेवढ्याच. एवढेच दिवस त्यांना ते पाणी मिळालं!

तोवर सगळी वस्ती जमली. माझे चुलत सासरे, वस्तीतलं सगळ्यात म्हातारं माणूस, काठी टेकत आले. दगडावर काठी टेकवली आणि म्हणाले, ‘आमीच बलावल्या गाड्या.’

‘कसल्या गाड्या, मामांजी?’ मी विचारलं.

‘वाळूच्या. नळ आला व्हता. हिरीवर कोन जातंय? आन बोळात गुडघाभर चिकूल. कारखान्याचा डायवर म्हनला, फुकाट भराव देतो. म्या म्हनलं, दे. पैली गाडी म्याच दावली, हितं हिरीच्या कडंला वत म्हणून.’

आम्हाला सगळ्यांना वाटत आलं होतं की लोकांनी येऊन आमच्या दारात टाकली. आमच्याच माणसानं हात करून बोलावली होती, हे आत्यांनी कधी सांगितलं नव्हतं. भाऊबंदाचं नाव पुढं येऊ नये म्हणून असेल.

जाऊनं डोक्यावर पदर घेतला आणि पदराआडून विचारलं, ‘मग थांबवल्या का न्हाईत वो?’

‘बोळ भरल्यावर गेलतो की थांबवाय. डायवर म्हनला, बाबा, तूच बलावलंस आन तूच नगं म्हनतोस? आन हसला माज्याकडं बघून.’ म्हातारा इतकं बोलला आणि काठीवर कपाळ टेकून उभा राहिला. त्याला काय बोलणार? चिखलात पाय भरत होते, वाळू मिळत होती. मी असते तर मीही हो म्हटलं असतं.

साहेब आला तो फोनवर बोलतच. फोन ठेवला आणि म्हणाला, ‘मावशी, ही जागा सपाट करायची आहे, ब्लॉक वाळवायला. विहीर अशी उघडी ठेवता येत नाही. कुणी पडलं तर? आहे तशीच वरून मुरूम टाकून बंद करू.’

बंद करू! अजून आमचे डोळे पुसून झाले नव्हते.

जाऊ सरळ जाऊन त्या दगडांवर बसली, वाळूत पाय सोडून. ‘टाका मुरूम. आधी माज्या डोस्क्यावर टाका.’

‘मावशी, असं नका करू.’

‘मग कसं करू? तुमीच शिकवा.’

तो घामाघूम. वस्तीतली माणसं पुढं सरकायला लागली. मला भीती वाटली, आता शब्दाला शब्द लागेल आणि विहीर राहील बाजूला. आणि माझ्या तोंडून कसं निघालं कुणास ठाऊक, मी म्हटलं, ‘साहेब, तुम्हाला वाळूच पाहिजे ना? मग ही आतली का सोडता? हीसुद्धा न्या की. सगळी न्या, तळापर्यंत. फक्त रिकामी झाल्यावर मुरूम टाकू नका.’

त्यानं विहिरीत बघितलं. ओंजळभर वाळू उचलून बोटांत चुरली. बाजूला जाऊन कुणाशी तरी फोनवर बोलला. आम्ही सगळे त्याच्या पाठीकडे बघत उभे. आला तो म्हणाला, ‘चालेल. वरनं हो म्हणालेत. पण कठडा बांधायचा आणि जाळी टाकायची, तोवर पोरांना जवळ येऊ द्यायचं नाही.’

‘कठड्याला ब्लॉक तुमचेच द्या,’ जाऊ बसल्या जागेवरून म्हणाली. दिले त्यानं. कडा उडालेले दिले, पण दिले.

जी वाळू विहीर बुजवून बसली होती ती आता कुणाला तरी हवी झाली, म्हणून विहीर मोकळी झाली. नाहीतर आम्ही किती अर्ज केले असते तरी कुणी घमेलंभर वाळू काढली नसती. याचा आनंद मानावा की राग, मला अजून कळत नाही.

वाळू निघत गेली तशी ओली लागायला लागली. मग एके सकाळी तळाला पाणी चमकलं. वस्तीत आरडाओरडा! पोहरा सोडला, वर ओढला. जाऊनं ओंजळ भरली आणि तोंडाकडं नेली. मी तिचं मनगट धरलं.

‘सोड. आत्याचं पानी हाय हे.’

‘वास घे आधी.’

तिनं घेतला. जळका, औषधासारखा वास. तिनं ओंजळ सोडून दिली आणि हात साडीला पुसत राहिली, पुसतच राहिली.

सांगलीला नेऊन पाणी तपासून घेतलं. तिथल्या बाईंनी नीट समजावलं, की वाळूचा साचा घट्ट बसावा म्हणून कारखान्यात त्यात जे रसायन घालतात, त्याचा अंश पाण्यात उतरलाय. पिऊ नका, उपसत राहा, पावसाळा झाला की पुन्हा आणा. मी बाहेर येऊन बाकावर बसले. त्याच वाळूनं आम्ही जन्मभर भांडी घासली गं. लख्ख निघायची. तुला इथं सुट्टीत दूध दिलं तो पेलासुद्धा. तू छातीचा फोटो काढून घे बाई एकदा, माझ्या जिवाला बरं वाटेल.

तर आता उपसा चालू आहे. पाणी मोटर काढते, पण तळाचा गाळ माणसालाच काढावा लागतो. वस्तीनं ठरवलंय, दर रविवारी प्रत्येक घरातून एक माणूस ओळीत उभं राहायचं, खणताना राहिले होते तसं. नांदायला गेलेल्या लेकींच्या घरालाही ओळीत जागा आहे. परवा लोणंदहून एक लेक पोरं घेऊन आली. तुझ्या आईच्या नावाची जागा आता तुझी. तिथं सध्या मी उभी राहते आणि आपल्या घराकडून जाऊ. पण भरलेलं घमेलं पुढच्या हातात जाईपर्यंत माझा दम निघतो. वास कमी झालाय, असं जाऊ म्हणते. मला तसं वाटत नाही. आमचं रोज यावरून भांडण. तूच येऊन वास घेऊन सांग, कोण खरं ते.

मळकी साडी नेसून ये, चांगली आणू नकोस. सकाळच्या गाडीनं निघ, म्हणजे ऊन चढायच्या आत पोचशील. येत्या रविवारी जमलं नाही तर त्याच्या पुढच्या, पण ये बाई, लवकर ये.