नारळ हातात असताना

कॅसलरॉकच्या फलाटावर त्या बाईंनी माझ्या बायकोच्या केसांत हात घातला.

विचारलं नाही. गाडीतून उतरल्या, हातातली पिशवी तिच्याकडं दिली आणि मोकळ्या झालेल्या हातानं तिचे केस चिमटीत धरून ओढून बघितले. ओढले, सोडले. केस परत गुंडाळले गेले. बाई हसल्या. मागून उतरणाऱ्या मैत्रिणीला म्हणाल्या, "अगं, खरंच आहेत!" मग मैत्रिणीनंही हात घातला.

माझी बायको रुकमा हार घेऊन गेली होती. अबोलीचा, तिनंच गुंफलेला. बायकांच्या संघटनेची ती मेंबर होती आणि शहरातल्या पाहुण्यांना घ्यायला तिलाच पाठवलं होतं. हार हातातच राहिला, त्याच्यावर पिशवी आली. बाईंनी मला विचारलं, "हिला मराठी येतं का?"

रुकमा म्हणाली, "येतंय की. रामराम."

"अय्या!" बाई म्हणाल्या.

मी तिथंच उभा होतो. खांद्याला डमाम, म्हणजे आमचा ढोल. संध्याकाळी नाच होता म्हणून मलाही बोलावलं होतं. मी दुसरी पिशवी उचलली आणि चालू लागलो. दुसरं काय करणार होतो?

आम्ही सिद्दी. रंग काळा, केस कुरळे. आमच्या वाडवडिलांना कोणीतरी समुद्रापलीकडून जबरदस्तीनं आणलं म्हणतात. मला त्यातलं काही ठाऊक नाही. मला ठाऊक आहे ते हे रान. इथं जन्मलो, इथं भात लावलं, इथं लाकडं फोडली, इथंच रुकमाला माती दिली. तरी रामनगरच्या बाजारात कोणी ना कोणी अजून विचारतं, तुम्ही कुठल्या देशाचे? तुझ्या बापाच्या आधीपासून इथला, असं मी मनात म्हणतो. तोंडानं म्हणतो, कॅसलरॉककडला.

शाळा दुसरीपर्यंत झाली. पुढं बसलो की पोरं हसतात म्हणून मास्तर मला मागं बसवायचे. मागून फळा दिसायचा नाही. त्यामुळं अक्षर असं आहे. रुकमा असती तर मी लिहायला बसलोच नसतो. तिनंच सांगितलं असतं. सांगायला ती होती, मी वाजवायला होतो.

संघटनेनं चांगलं काम केलं, तेही सांगतो. आमच्या वाडीच्या तोंडाशी दारूचं दुकान होतं. बायकांनी त्याच्या दारात बसून ते बंद पाडलं. रुकमा सगळ्यात पुढं. त्या दिवशी संघटनेच्या प्रमुख, त्यांना सगळे मोठ्या ताई म्हणायचे, त्यांनी तिला मिठी मारली. घरी येऊन ती चुलीपुढं बसली आणि म्हणाली, "अवो, मला मिठी मारली त्यांनी. सगळ्यांच्या देखत." तसा चेहरा तिचा मी पुन्हा बघितला नाही.

मग तिला मेंबर केलं. मेंबर म्हणजे काय? शिबिर असलं की आधी जायचं, सारवायचं, चहा टाकायचा. शिबिर उठलं की भांडी घासायची. तिचं ताट पडवीत. आणि पाहुण्या आल्या की कमरेला पानं बांधून नाचायचं. आमच्या बायकांनी कधी पानं बांधली नव्हती. सणाला लुगडं नेसून नाचतात त्या. पानं मोठ्या ताईंनी सांगितली. म्हणाल्या, "फोटोत बरं दिसतं."

रुकमानं पानं बांधली. मी डमाम वाजवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

केस ओढणाऱ्या त्या बाई संशोधन करणाऱ्या होत्या. दुसऱ्या दिवशी शिबिरात त्यांनी बायकांना गोल बसवलं. मध्ये टेप लावला. पुरुषांना आत मज्जाव, मी पडवीत डमामाला टेकून. खिडकी उघडी होती, सगळं ऐकू येत होतं. बाई म्हणाल्या, आपली गोष्ट आपण सांगायची, हेच आपलं संशोधन. पुस्तकात बायका नाहीत, बायकांच्या गोष्टीतून खरं बाहेर येईल. उद्घाटनाचा एक नारळ उरला होता. तो उचलून म्हणाल्या, "जिच्या हातात नारळ, तिनं बोलायचं. तिचं पुरं होईपर्यंत मध्ये कोणी बोलायचं नाही."

त्यांना तो खेळ होता. आमच्यात तसं नाही. आमच्या घरात कोनाड्यात नारळ असतो. त्यात हिरियारू असतात, म्हणजे घरातली गेलेली वडीलधारी माणसं. भांडण झालं, कुणावर आळ आला, तर नारळ हातात घेऊन बोलायचं. नारळ हातात घेऊन खोटं बोललेला माणूस आमच्या वाडीत मी बघितला नाही.

नारळ फिरत फिरत रुकमाकडं आला. तिनं तो आधी कपाळाला लावला.

"घाबरू नकोस गं," बाई म्हणाल्या. "नवरा मारतो ना?"

"न्हाई."

"दारू पिऊन?"

"पितो कवा कवा. पिला की गातो. वाईट गातो."

बायका हसल्या. बाहेर मीही हसलो.

"इथं पुरुष कोणी नाही. खरं सांग."

"नारळ हातात हाय, बाई. खोटं कसं सांगू?"

"बरं, मग तुझ्यावर अन्याय कोणी केला ते सांग."

रुकमा म्हणाली, "तुम्ही."

रुकमा बोलत होती, आवाज चढवला नव्हता. "मी हार आणला हुता. तुम्ही माझे केस ओढलासा. गाईचं शेपूट बघावं तसं. माझं ताट पडवीत वाढत्यात. मी मेंबर हाय का मोलकरीण, ते मला अजून कळलं न्हाई. माझ्या आईनं कवा पानं बांधली न्हाईत. मला बांधायला लावलासा..."

खट. टेप बंद केल्याचा आवाज.

"हे आपल्या विषयात बसत नाही," बाई म्हणाल्या. "आपण पुरुषांच्या अत्याचारावर काम करतोय." आणि रुकमाच्या हातातून नारळ घेऊन शेजारच्या बाईला दिला.

तिचं पुरं झालं नव्हतं. नियम त्यांचाच होता.

रुकमा माझ्या पुढं चालत घरी आली. उंबऱ्यात थांबून म्हणाली, "हातातनं काढून घेतला अवो नारळ."

"जाऊ दे गे."

"जाऊ दे कसं? हिरियारू ऐकत हुते."

पुढच्या बाजाराला तिनं रामनगरहून एक नारळ आणला. आणि वाडीतल्या, पलीकडच्या वाडीतल्या, संघटनेत जाणाऱ्या आमच्या बायकांच्या घरी जाऊ लागली. पद्धत त्या बाईंचीच. समोरच्या बाईच्या हातात नारळ द्यायचा आणि आपण गप्प बसायचं. टेप तेवढा नव्हता. मी बाहेर अंगणात असायचो, कधी ऐकायला यायचं. गिरजा म्हणून आमच्या शेजारची, तिच्या पोराला शिबिरात दूध सगळ्यात शेवटी, तेही उरलं तर. एकीला फोटो काढताना शहरातल्या बाई म्हणाल्या होत्या, तू हस गं, म्हणजे दात तरी दिसतील. एकीला कोणी नावानं हाक मारलीच नव्हती. "सिद्दीण कुठं आहे? सिद्दिणीला बोलवा." तेवढंच.

प्रत्येकीला वाटत होतं, हे आपल्या एकटीलाच झालं. आपलंच काहीतरी चुकलं असेल. रुकमा दुसरीचं हिला सांगायची. मग ती बाई तोंडाला पदर लावून बसायची. रडायची नाही. नुसती बसायची.

रुकमा मला म्हणाली, "एकीचं असतं तर गाऱ्हाणं म्हटलं असतं. ही त्यांची सवय हाय. सवय त्यांना दिसत न्हाई. दाखवायला पायजे."

तिला अजून वाटत होतं, दाखवलं की दिसेल. मिठी मारणारी बाई ऐकेल. तिनं मोठ्या ताईंना निरोप धाडला, रामनगरच्या मेळाव्यात मला बोलू द्या. निरोप आला, "तुझी गोष्ट कार्यक्रमात आहेच." रुकमानं त्या दिवशी ठेवणीतलं लुगडं काढून उन्हात टाकलं.

मेळाव्याला बाजारचे लोक भोवती उभे. चहावाले, ट्रकवाले. मी मंडपाच्या कडेला डमाम मांडीवर घेऊन. शहरातली एक मुलगी माईकपुढं आली आणि वाचू लागली. आवाज गोड होता. "मी रुकमा. मी जंगलात राहते. माझा नवरा दारू पिऊन मला लाकडानं मारतो. माझ्या काळ्या कातडीखाली मनही काळवंडलं होतं. मग ताई आल्या आणि मला उजेड दिसला."

भोंग्यातून सगळ्या बाजारभर ऐकू गेलं. माणसं वळून माझ्याकडं बघू लागली. ओळखीचा चहावाला म्हणाला, "काय मामा? लाकडानं?" आणि बाकीचे हसले. माझे हात कुठं ठेवावेत ते मला कळेना.

रुकमा उठली. पानं बांधली नव्हती तिनं, लुगड्यात होती. पदराखालून नारळ काढला, मंचावर चढली आणि त्या मुलीच्या बाजूनं माईकपाशी तोंड नेलं.

"ही गोष्ट माझी न्हाई. माझा नवरा मला मारत न्हाई. माझी गोष्ट मी सांगते."

मोठ्या ताई पुढं झाल्या. हळू बोलल्या, पण माईक चालू होता. "रुकमा, घरातलं घरात बोलू. बाहेर संघटनेचं नाव जातं."

रुकमा म्हणाली, "ताई, लेकानं मारलं की सासू असंच म्हणती."

खाली काही बायका हसल्या. काहींनी मान खाली घातली. मग भोंगा बंद झाला. रुकमाचे ओठ हलताना दिसत होते. केस ओढल्याचं, पानांचं, दुधाचं सगळं ती सांगत असणार. पहिल्या रांगेच्या मागं काही पोचत नव्हतं. जिनं जिनं नारळ हातात घेऊन सांगितलं होतं त्या सगळ्या मंडपात होत्या. गिरजा उठून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. बाकीच्या उठल्या नाहीत. त्यांना दोष देत नाही. कचेरीतली कामं ताईंच्या ओळखीनं व्हायची, अडलेलं माणूस कुठं उठणार?

ताई माझ्याकडं बघून ओरडल्या, "काका, डमाम! नाच सुरू करा!"

डमामाच्या काड्या माझ्या हातात होत्या. आजवर कोणी वाजव म्हटलं आणि मी वाजवलं नाही असं झालं नव्हतं. माझ्या आवाजाखाली तिचा आवाज बुडवायचा होता त्यांना. माझ्याच हातानं.

मी काड्या जमिनीवर ठेवल्या.

"काका, वाजवा ना. लोक बघताहेत."

"बघू देत," मी म्हटलं.

त्यांनी कॅसेट लावली. मेळावा पार पडला.

रुकमाला संघटनेतून कोणी काढलं नाही. फक्त निरोप यायचा बंद झाला. आणि बाजारात माझं नाव लाकूडमामा पडलं. खोटी गोष्ट भोंग्यावरून गेली होती, खरी पहिल्या रांगेपर्यंत. कुणाकुणाला पकडून सांगू, मी मारत नाही म्हणून? सांगितलं की जास्त हसतात.

पुढच्या पावसात रुकमाला ताप भरला. झोळीत घालून स्टेशनवर आणली, लोंढ्याच्या दवाखान्यात न्यायला. गाडी यायच्या आधी गेली. त्याच फलाटावर. मी तिचे केस नीट केले. लोक बघत होते.

संघटनेनं रामनगरात शोकसभा घेतली. मला न्यायला माणूस आला. तिथं तिचा मोठा फोटो. कमरेला पानं बांधलेला. मोठ्या ताई रडल्या, खऱ्या रडल्या, तेही सांगतो. "आमची रानकन्या गेली," म्हणाल्या. "किती छान नाचायची!" मग मला पुढं बोलावलं, शाल घातली आणि हातात नारळ दिला.

नारळ दिला. त्यांना अजून ठाऊक नव्हतं.

मी माईकपुढं गेलो. म्हटलं, "नारळ हातात हाय, म्हणून सांगतो. रुकमाला नाचायचं नव्हतं. तिला बोलायचं हुतं. हितं कोणीबी तिचं ऐकलं न्हाई. ती पानं तुमची हायत. तो फोटो खाली उतरवा."

कोणी हललं नाही. मी परत म्हटलं, "फोटो उतरवा." तेवढ्यात एका कार्यकर्तीनं माझा दंड धरला, मऊ हातानं, म्हाताऱ्याला धरतात तसा. ताई माईकवर म्हणाल्या, "काकांना दुःख अनावर झालंय." सगळ्यांनी मान हलवली. मला बाहेर आणून खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. आत गाणं सुरू झालं. फोटो तिथंच राहिला. नंतर मागायला गेलो, तर म्हणाले, तो संघटनेचा आहे.

शाल त्यांच्याच खुर्चीवर टाकून आलो. नारळ आणला. तो फोडला नाही, कोनाड्यात ठेवला. आता रुकमा त्यात आहे.

संघटनेचं शिबिर अजून भरतं. बायकांना गोल बसवून गोष्टी घेतात म्हणे. मी जातो. आत घेत नाहीत. पुरुषाला नको घेऊ देत. मी दारात उभा राहतो, नारळ हातात घेऊन. आत जाणाऱ्या प्रत्येकीला सांगतो: केस विचारून धरले नव्हते. पानं तिनं स्वतःहून बांधली नव्हती. तिची गोष्ट पुरी व्हायच्या आधी काढून घेतली. शहाण्या बायका बाजूनं निघून जातात. कोणी पैसे काढून हातावर ठेवते, भिकारी समजून. मी ते तिथंच ठेवतो. मग रखवालदार येतो, मला रस्त्यापर्यंत नेऊन सोडतो.

पुढच्या शिबिराला मी परत जाणार. त्याच्या पुढच्यालाही. गिरजाला सांगून ठेवलं आहे, मी गेलो की नारळ तिनं उचलायचा आणि दारात उभं राहायचं.

डमाम मी खोलला. कातडं काढलं, खोड चुलीत घातलं. तो आता कोणासाठी वाजणार नाही.