आमच्या दुसऱ्या जावयाची पाठ उत्तम आहे

आमच्या दुसऱ्या जावयाची पाठ उत्तम आहे. ती कधीच दुखत नव्हती. हाउन्सलोपासून रीडिंगपर्यंतच्या ज्या मराठी कुटुंबांनी त्याच्यासाठी तेलाच्या बाटल्या, कमरेचे पट्टे आणि एक चुंबकवाली गादी पाठवली, त्या सर्वांची मी माफी मागतो. गादीवर सध्या मी झोपतो. काही फरक पडत नाही.

मी हाउन्सलोत राहतो, विमानतळावरच्या मालवाहतुकीच्या ऑफिसातून निवृत्त झालोय, आणि मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत इतकी वर्षं आहे की मला काढायचं कसं हे कोणालाच माहीत नाही. मुलीचा नवरा नागपूरचा, रीडिंगला सॉफ्टवेअरमध्ये. मुलाचा नवरा कोलंबियाचा, विमानतळाजवळच्या एका गोदामात. हे शेवटचं वाक्य चारचौघांत म्हणायला मला फार वर्षं लागली.

मुलाचं लग्न कौन्सिलच्या ऑफिसात झालं. आम्ही गेलो, जेवलो, फोटोत हसलो, आणि मंडळात सांगितलं की साउथहॅम्प्टनला नातेवाइकांकडे गेलो होतो. त्यानंतर कोणी विचारलं की मी त्याला मुलाचा लॉजर, म्हणजे खोलीचा भाडेकरू म्हणायचो. दिसायला तो थेट सोलापूरकडचा, त्यामुळे मंडळातल्या एका बाईंनी त्याच्यासाठी स्थळसुद्धा आणलं. मुलगी स्लाउची, डेंटिस्ट. मी म्हणालो, विचारून सांगतो.

मग मागच्या खेपेचा अधिक महिना आला. आमच्याकडे या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला पाटावर बसवायचं, ओवाळायचं आणि तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं. आमचा नागपूरचा विष्णू गोड खात नाही. मनगटावरचं घड्याळ त्याला कधी उभं राहायचं ते सांगतं. पण वाण द्यावं लागतंच.

अनारसे केले बायकोने आणि कोलंबियाच्या पोराने. तांदूळ भिजवून रोज पाणी बदलण्यापासून ते खसखशीवर थापून तुपात सोडण्यापर्यंत तो तिच्या बरोबरीने होता. नाताळात त्याची आई असंच काहीतरी तळायची म्हणे. हिच्या हाताखाली तो मराठीही शिकला, म्हणजे स्वयंपाकघरातली: ढवळ, पुरे, जळलं, अहो इकडे लुडबुड करू नका.

वाणाच्या दिवशी घर भरलं होतं. ताट घेऊन तो बाहेर आला तेव्हा त्या स्थळवाल्या बाईंनी विचारलं, हा तोच ना? मी म्हणालो, "हो, लॉजर. घरच्यासारखाच आहे. हाताला चव आहे हो त्याच्या."

'घरच्यासारखा'. यातला 'सारखा' कोणाला कळला नसेल तर त्यालाच कळला. त्याने ताट नागपूरच्या जावयासमोर ठेवलं, निरांजनाची वात सरळ केली आणि आत गेला. जाताना पावलं न वाजवता गेला. त्यानंतर तो आमच्या घरी आला नाही.

थोड्याच आठवड्यांत त्याने अंथरूण धरलं. उठेना, जेवेना, कामावर जाईना. मुलाने मला फोनवर स्पष्ट सांगितलं की हे डिप्रेशन आहे, आणि एकदा तर त्याला जगायचंच नाही असं तो म्हणाला होता. मी काय केलं? मंडळात सांगितलं की पाठ धरली आहे. पाठ सगळ्यांना असते. पाठीला कोणी का विचारत नाही.

या पाठीबद्दल मुलाला समजलं तेव्हा तो आला आणि मी आधीच अपराधी चेहरा करून बसलो. तो म्हणाला, "बाबा, तुमच्यामुळे झालं असं समजू नका. एवढे इम्पॉर्टंट नाही तुम्ही. तुम्ही फक्त शेवटचे होतात."

मग त्याने आधीचे कोण कोण ते सांगितलं. पोराला त्याच्या बापाने ऐन तरुणपणी घराबाहेर काढलं होतं. गोदामात कोलंबिया म्हटलं की लोक विचारायचे, कोकेनची पावडर आणलीस का. त्याच्या भाषेतली माणसं भेटतील म्हणून तो रविवारी स्पॅनिश चर्चला जायचा, तर तिथे त्याच्यासाठी सगळ्यांसमोर प्रार्थना केली, तो बरा व्हावा म्हणून. गे लोकांच्या पबमध्ये गेला तर नाचून दाखव म्हणायचे. त्याला नाचता येत नाही. माझ्यापेक्षा वाईट नाचतो, आणि गणपतीत मला लोकांनी पाहिलंय. एवढं सगळं झाल्यावर त्याला एक स्वयंपाकघर मिळालं होतं.

डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि समुपदेशनाच्या रांगेत नाव घातलं. रांग सरकेपर्यंत त्याला साउथ लंडनमध्ये एका लाँड्रीच्या वर भरणारा गट सापडला. लॅटिन अमेरिकेतले त्याच्यासारखे बाई, पुरुष आणि मधले, सगळे स्पॅनिशमध्ये बोलतात. मुलाला वेळ नव्हता म्हणून एकदा मी त्याला गाडीतून सोडलं. जाताना आम्ही फक्त ट्रॅफिकबद्दल बोललो. मला वाटलं होतं बाहेर येतील तेव्हा सगळे रडत येतील. ते खिदळत आले. त्याला हसताना मी पूर्वी पाहिलंच नव्हतं, किंवा बघत नव्हतो. गाडीत बसल्यावर मी विचारलं, काय करता तिथे? तो म्हणाला, "काका, कोणी काही समजावून सांगत नाही. विश्रांती."

यंदा पुन्हा अधिक महिना आला. बायको म्हणाली, या वेळी दोन वाणं, नाहीतर एकही नाही, आणि अनारसे तुम्ही करायचे. मी त्याला स्वतः फोन केला. जेवायला ये म्हणालो. का ते सांगितलं. तो म्हणाला, बघतो. बायकोने त्याचा पाट पुसून ठेवला. पाट मोकळा राहिला, तर ज्याच्यामुळे राहिला त्याला त्याच पाटावर उपाशी बसवीन, असंही म्हणाली.

अनारसे माझ्या हातून हसले. म्हणजे तुपात सोडल्या सोडल्या विरघळून त्यांचा चुरा झाला. गूळ जास्त पडला होता. बाहेर मंडळी जमलेली, तुपाचा धूर हॉलपर्यंत गेलेला, आणि स्वयंपाकघराच्या दारात तो. माझ्या कढईकडे बघून त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ती दया नव्हती. सरळ तिरस्कार होता. तो बाह्या सरसावून आत यायला लागला.

हॉलमध्ये ऐकू जावं इतक्या मोठ्याने मी म्हणालो, "तुम्ही पाटावर बसा. जावयाने स्वयंपाकघरात यायचं नसतं."

हॉलमधल्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. त्याने कढईकडे बोट दाखवलं. मग हळूच म्हणाला, "पण काका, हे जळलं."

"जळू दे. बसा."

तो बसला. बायकोने ओवाळलं. नागपूरचा जावई सरकला आणि त्याच्या ताटात डोकावून म्हणाला की याला जास्त मिळालंय, आणि हे त्याने आयुष्यात गोडाबद्दल केलेलं पहिलं विधान होतं. दोन्ही ताटांत माझ्या चुऱ्याचे ढीग होते. हे किती आहेत, असं दुसऱ्या जावयाने विचारलं. मी म्हणालो तेहेतीसच, हवे तर मोजून घ्या.

मग स्थळवाल्या बाई पुढे झाल्या. त्यांना धक्का बसला होता, पण त्यांच्याजवळ दुसरा प्रश्न नव्हता. त्यांनी विचारलं, पाठ कशी आहे आता?

त्याने माझ्याकडे पाहिलं. या वेळी उत्तर मी त्याच्यावर सोडलं.

"पाठ चांगली," तो म्हणाला. "पाठ नेहमी चांगली. मन आजारी होतं. आता थोडं बरं."

बाईंनी चुऱ्यातला एक तुकडा उचलून तोंडात टाकला. बराच वेळ चावला, कारण तो चावावा लागतच होता. मग त्या म्हणाल्या, "मला झालं होतं रे, धाकटी झाली तेव्हा. आम्ही बीपी सांगायचो."

त्यांचा नवरा छताकडे बघू लागला.

"मग मी पाठवलेलं ते तेल परत दे," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे खरंच दुखतात."