टाचणीएवढं भोक

नात चाकणच्या कंपनीतून आली की तिच्या कपड्यांना मशीनच्या तेलाचा वास येतो, आणि मला आमच्या ह्यांचं बोट आठवतं.

त्या दुपारी हे अर्धी शिफ्ट टाकून घरी आले. दाबाच्या तेलाचा पाइप कुठे गळतोय ते ह्यांनी बोटाने चाचपलं होतं. बोटाला टाचणीएवढं भोक, रक्ताचा थेंब नाही. "ठणकतंय गं."

मी महाशहाणी! "माझ्या माहेरी जायचं म्हटलं की बरं ठणकतं!" कंपनीतल्या साहेबांनी मलम लावून घरी धाडलेलं, त्यांच्यावर मात्र पूर्ण विश्वास. दाबाने तेल कातडीच्या आत शिरलेलं. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी बोट कापलं.

"आजी, बोटं दहाच्या दहा आहेत गं!" नात वैतागते.

"तुझे साहेब काहीही म्हणू देत. हात उजेडात धर."