बाबांचं पान आणि ब्रेडची भुतं

सर्वपित्री अमावस्येला, बाबांच्या पानाला कावळा शिवायच्या आत, मी घरात ब्रेडची भुतं केली.

आज नेरूळच्या घरात नातीने तव्यावर ब्रेड करपवला आणि त्या वासाने ऐंशीच्या दशकातली वाशीची ती दुपार परत आणली. वसाहत नवी, झाडं कमरेएवढी, कावळा येणार कुठून? पहाटेपासून स्वयंपाकात राबलेली आई गॅलरीत पान ठेवून ताटकळत होती. कावळा शिवल्याशिवाय कोणी जेवायचं नाही. दोन वाजले. मी रात्रपाळी करून आलेला, पेंगुळलेला. पोरं भुकेने रडकुंडीला आलेली. म्हणून त्यांच्यासाठी वाटीने ब्रेड गोल कापला, दही फासलं, मिऱ्यांचे डोळे आणि टोमॅटोची लांब जीभ लावली. पोरं खिदळली.

तेवढ्यात आई आत डोकावली. घाबरून मी ताटली खिडकीबाहेर, गॅलरीच्या कठड्यावर सरकवली आणि सकाळपासून न फिरकलेला कावळा नेमका तिथे उतरला. पानातल्या खीर-वड्यांकडे न बघता भूत उचलून उडाला.

"शिवला गं आई! वाढ आता," मी म्हणालो. सुटलो, एवढंच तेव्हा वाटलं. आता उभं राहून माझे पाय सुजतात, तेव्हा पहाटेपासून उभी असलेली, दाराला टेकलेली आई दिसते.

"जन्मभर ब्रेडला आजाऱ्याचं खाणं म्हणाले हे," ती पाटावर बसत म्हणाली. "पण ते भूत नाही खाल्लं तर तू आणखी भुतं करशील, हे ओळखलं त्यांनी."