आमची शीर सापडत नाही

लॅबमधले नमुने आठवडाभरात फेकून द्यावे लागतात. किस्से मात्र कोणी फेकत नाही, म्हणून ते साचतच जातात. वाशिमला बीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा कोर्स, करताना माझ्याकडे ढीग जमला, आणि त्यातल्या बहुतेक किश्शांत गाढव मीच आहे.

मागच्या वर्षी मी प्रॅक्टिकलला नापास झालो. कारण? पेशंटची शीरच सापडली नाही! या वर्षी पुन्हा तेच झालं तर बाबा मला गावी जऊळक्याला नेऊन सोयाबीन सोंगायला लावणार होते.

*

पहिल्यांदा रक्त काढायचं होतं ते रिठदच्या प्रशीलचं, म्हणजे माझ्या रूम पार्टनरचं. त्याच्या दंडाला रबरी पट्टा बांधला, सुई हातात घेतली आणि पुढचं मला आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा पट्टा बांधलेल्याच हातानं प्रशील माझ्या तोंडावर पाणी मारत होता. "अबे, रक्त माह्यं काढाचं होतं, तू काहून पडला?"

*

एक आजोबा लघवीच्या तपासणीला आले. मी ऐटीत विचारलं, "बाबा, नमुना कुठाय?"

त्यांनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "मले काय इचारतं? आरशात पाह्य ना!"

अख्खी लॅब हसली. तेव्हापासून कॉलेजात माझं नाव नमुनाच पडलं.

*

एका काकांची फास्टिंग शुगर करायची होती. त्यांना इंग्रजी कळणार नाही म्हणून मी हुशारीनं मराठी केलं, "काका, उद्या उपास करून या."

दुसऱ्या दिवशी शुगर भलतीच वर! मी पळतच सरांकडे गेलो, "सर, सिरियस केस!"

सरांनी काकांना विचारलं, "काही खाल्लं का?"

"नाही जी, उपास हाय. फक्त साबुदान्याची उसळ, दोन केळं अन् गोड चहा."

मग सर माझ्याकडे वळले. ते काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

*

आणि मग ती परीक्षा. माझ्यासमोर किन्हीराजाच्या एक मावशी बसल्या होत्या. बाहेरून आलेले परीक्षक शेजारच्या टेबलावर होते, तेवढ्यात मी मावशींच्या उजव्या हाताला सुई टोचली. रक्त नाही! वर हात टम्म सुजला. परीक्षकांनी पाहिलं असतं तर खेळ खल्लास. मला रडूच यायला लागलं.

मावशींनी गुपचूप डावा हात पुढे केला. मी सुई उचलली.

"डोये काहून मिटतं बाप्पा?" त्या हळूच म्हणाल्या. "डोये पेशंटनं मिटाचे असतात. तू उघड!"

मी उघडले. शीर दिसली, सिरिंज भरली. तेवढ्यात परीक्षक मागे येऊन उभे राहिले.

"मावशी, या मुलानं टोचलं ते फार दुखलं का?"

मावशींनी सुजलेला हात पदराखाली घेतला.

"टोचलं? कवा?"