दोन मुंगसांच्या चिठ्ठ्या

दुपारी केलगेरीच्या तळ्याकाठी बसलो की डोळे आपोआप मिटतात, आणि पलीकडच्या बांधावरच्या वारुळांतून ती दोन्ही हळूच डोकी वर काढतात. आफ्रिकेतली बुटकी मुंगसं, वीतभर लांबीची. जिवंत अशी मी ती कधीच पाहिली नाहीत. धारवाडच्या आमच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या संग्रहात, त्यांची भुसा भरलेली कातडी एकाच कपाटात शेजारी शेजारी ठेवलेली असत.

भावंडंच म्हणा ना. एक आफ्रिकेच्या पूर्वेकडून पार दक्षिणेपर्यंत सर्रास आढळणारं. तपकिरी, अंगावर बारीक ठिपके, केस आखूड नि मऊ. दुसरं इथिओपिया-सोमालियाच्या कोरड्या मुलखातलं. करडेपणाकडे झुकणारं, लांब, राठ केसांचं. मला हे पुस्तकातून ठाऊक होतं. संग्रह सांभाळणाऱ्या अण्णांच्या ते बोटांत होतं. डोळे मिटून पाठीवरून हात फिरवत आणि कोणतं ते सांगत.

एकदा कपाट आवरताना दोघांच्या पायांना बांधलेल्या नावांच्या चिठ्ठ्या मी सोडल्या आणि चुकून उलटसुलट बांधल्या. अण्णांनी त्याच दिवशी सांगितलं. मी प्राध्यापक, हसून सोडून दिलं. पुढे तपासणीला आलेल्या पाहुण्यांनी चूक पकडली, तेव्हा सगळ्यांदेखत मी म्हणालो, धूळ झटकताना अण्णांकडून झालं असेल. त्यांना संग्रहातून काढून फाटकावर बसवलं, ते निवृत्त होईपर्यंत.

गेल्या महिन्यात तळ्यावरून उठलो आणि तसाच त्यांच्या घरी गेलो. अण्णा आता फार थकलेत. चूक माझी होती, खोटं मी बोललो, असं एका दमात सांगून टाकलं.

"मला काय सांगता, सर? मला माहीतच आहे," ते म्हणाले. "हिला सांगा. मुंगूस ओळखता येईना म्हणून फाटकावर गेलेला नवरा, असं जन्मभर ऐकवलंय हिनं."

अण्णांच्या पत्नी, अक्का, पदराला हात पुसत बाहेर आल्या. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"मग तेव्हाच का बोलला नाहीत?"

"बोललो होतो. तू म्हणालीस, सर कशाला खोटं बोलतील?"

मग अण्णांना हात देऊन उठवत अक्का म्हणाल्या, "चला, पान वाढलंय."

मला कुणी थांबा म्हटलं नाही.