दुपारच्या झोपेचं दूध

पोरीचा हात उचलून सोडला की ओल्या फडक्यासारखा खाली पडत होता. पापणी बोटानं वर केली तर बुबूळ वर चढलेलं. गाल लाल, ओठ कोरडे, छाती भराभर हलतेय आणि हाकेला ओ नाही. मी गालावर चापट मारली, मग जरा जोरात मारली. तरी पोर रडली नाही, तेव्हा मला कळलं की ही झोप नव्हे.

"झोपू दे गं तिला," सासूबाई आतून म्हणाल्या. "एरवी झोपत नाही म्हणून तुझी तक्रार, आज झोपली तरी तुझी तक्रार."

"अहो आई, ही उठत नाही. येऊन बघा तरी."

त्या आल्या, वाकून बघितलं आणि त्यांना टोमणा सुचला नाही. मी पोरीला खांद्यावर टाकलं आणि अनवाणीच निघाले.

आम्ही तेव्हा नारायण पेठेत दोन खोल्यांत राहायचो. मुलगी दोन वर्षांचीही नव्हती. आमचे हे मार्केट यार्डात एका अडत्याच्या गाळ्यावर कामाला, पहाटे जायचे ते दिवेलागणीला यायचे. घरी सासूबाई, छापखान्यातून निवृत्त झालेले मामंजी, म्हणजे माझे सासरे, आणि मी. डॉक्टर गल्लीच्या तोंडाशी, खाली दवाखाना आणि वर बिऱ्हाड. दवाखाना पाचला उघडायचा, अजून पाच वाजले नव्हते. मी कडी वाजवली तर डॉक्टरांच्या बायकोनं खिडकीतून सांगितलं, "पाचला या. झोपलेत ते."

"माझी पोरगीपण झोपलीय!" मी ओरडले. "ती उठत नाही म्हणून तर आलेय!"

मी वाघोलीची. तेव्हा तिथे नुसती शेतं होती आणि माझा आवाज दोन वावरं पलीकडे जायचा. लग्न झाल्यापासून तो खाली आणायची शिकवण मला रोज मिळत होती. त्या दिवशी कुणी शिकवायला आलं नाही. अख्खी गल्ली जागी झाली. डॉक्टर लेंगा-बनियनवर खाली आले. माझ्या मागोमाग सासूबाई, मामंजी आणि शेजारच्या मावशीही दवाखान्यात शिरल्या.

आता दुधाचं सांगते. आमच्या घरात देवाच्या खालोखाल मान होता तो दुपारच्या झोपेला. मामंजींनी जन्मभर छापखान्यात उभ्यानं अक्षरांचे खिळे जुळवले, म्हणून निवृत्तीनंतर दुपारी एक ते चार त्यांना कुणी उठवायचं नाही. पाहुणा आला तर त्यानं जिन्यात बसावं. हा नियम एका पोरीलाच मान्य नव्हता. नेमकी त्याच वेळी ती वाटी-चमचा घेऊन बँड वाजवायला बसायची. शिवाय साधं दूध दिसलं की तोंड घट्ट मिटायची. मग आमच्याकडे शेजारच्या मावशींचा दुधाचा मसाला आला. मावशी तो घरी कुटून बाटल्यांतून विकायच्या. पिवळाधमक, गोड, घमघमीत. तो घातला की पोरगी वाटी चाटूनपुसून स्वच्छ करायची. त्यात काय काय आहे ते मावशी कुणाला सांगायच्या नाहीत. "जे चांगलं असतं ते सगळं आहे," एवढंच म्हणायच्या. फार विचारणाऱ्या बाईला पुढची बाटली उशिरा मिळायची.

डॉक्टरांनी पोरीला टेबलावर घेतलं, नाडी धरली, जीभ बघितली. "काय खाल्लं हिनं?"

"काही नाही," आम्ही तिघं एकदम म्हणालो.

"काही न खाता पोर अशी होत नाही. दूध?"

"सकाळचं मी दिलं," मी म्हणाले. "मावशींचा मसाला घालून."

"अकराच्या सुमाराला मी दिलं," सासूबाई म्हणाल्या. "मसाला होताच, वर जरासं जायफळ. सहाणेवर एक वेढा, बास. आमच्याकडे देतातच. हिच्या बापालासुद्धा दिलंय."

सहाणेवर दुधाचे दोन थेंब घ्यायचे, जायफळ त्यात एकदा फिरवायचं आणि जेवढं उगाळून येईल तेवढंच पोराला द्यायचं, ही आमच्याकडची रीत. माप दगडाकडे होतं, माणसाकडे नव्हतं, म्हणून ते बरं चाललं होतं.

"एका वेढ्यानं एवढं होत नाही," डॉक्टर म्हणाले.

मामंजी छताकडे बघू लागले. सासूबाईंना तेवढं पुरलं.

"अहो, तुम्ही काय केलंत?"

"जेवणाआधी मीही दिलं थोडं. मसाल्याच्या दुधातूनच."

"तुम्ही? सहाण कुठे ठेवलीय ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला?"

"नव्हतं ठाऊक. म्हणून तर किसणीवर किसलं."

"किती किसलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"बोटं सांभाळून जेवढं किसता आलं तेवढं."

आणि त्यांनी सदऱ्याच्या खिशातून राहिलेला तुकडा काढून टेबलावर ठेवला. जायफळ अर्ध्यावर आलं होतं. मसाल्याच्या गोडीत पोरीला चव कळली नव्हती आणि मसाल्याच्या वासात आम्हाला वास.

डॉक्टर मावशींकडे वळले. "बाई, तुमच्या मसाल्यात काय काय आहे?"

मावशी दाराशी उभ्या होत्या. टेबलावर पोर निपचित पडलेली, आणि मावशी म्हणतात कशा, "सगळ्यांसमोर सांगू?"

"पोर जाईल हो, बोला!"

मग मावशी पुढे झाल्या, हाताचा आडोसा केला आणि डॉक्टरांच्या कानाशी लागल्या. आम्हाला फक्त डॉक्टरांची बाजू ऐकू येत होती. "बरं. ... बरं. ... किती? ... अहो, बाटलीला एवढं? ... आणि हा पिवळा रंग? ... खायचाच आहे ना तो?"

सरळ होऊन डॉक्टर म्हणाले, "यातही जायफळ आहे. म्हणजे हिनं आज प्रत्येक वाटीत जायफळ प्यायलंय." आणि मला म्हणाले, "रिक्षा बोलवा. मोठ्या दवाखान्यात न्यायची."

ते स्वतः बरोबर आले, लेंगा-बनियनवरच. मोठ्या दवाखान्यात पोरीला सलाइन लावलं. तिथले डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही. निरोप मिळाला तसे आमचे हे गाळ्यावरून परस्पर तिथे आले, अंगाला कांद्याच्या पोत्यांचा वास. विचारलं, "कुणी दिलं तिला?"

"सगळ्यांनी," मी म्हणाले.

त्यांनी बापाकडे बघितलं आणि बाकावर बसले. मामंजी बाहेर पायरीवर बसून होते, आत यायला तयार नव्हते. सासूबाई त्यांच्याशी बोलत नव्हत्या, पण मध्येच जाऊन चहाचा कप त्यांच्या शेजारी आपटून आल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरीनं डोळे उघडले. आधी पाणी मागितलं, मग सलाइनची पट्टी ओढायला लागली, मग नर्सबाईंवर किंचाळली. मामंजी पायरीवरून उठून आत आले.

घरी आल्यावर मामंजी काही दिवस दुपारचे आडवे झाले नाहीत. खुर्ची घेऊन पोरीसमोर बसायचे, तिचा बँड ऐकायचे. एके दिवशी खुर्चीतच घोरायला लागले आणि पोरगी त्यांच्या गुडघ्यावर चमचा वाजवत राहिली. मावशींनी बाटलीवर चिठ्ठी डकवायला सुरुवात केली, 'लहान मुलांना देऊ नये.' काय काय घातलंय ते लिहिलं नाहीच. त्या चिठ्ठीनं खप वाढला. दुपारी झोपायचं असलेल्या आया पेठेत काही कमी नव्हत्या.

आता दुधाची खोकी मिळतात, गुलाबी, चॉकलेटी, वर हसरी गाय. मी चौथीपर्यंत शिकले, पण मागचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचते. कळत नाही ते दुकानदाराला विचारते. तो म्हणतो, "आजी, सगळे घेतात." मी म्हणते, सगळे घेतात हे मला दिसतंय, आत काय आहे ते सांग. मग तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघतो. मावशी निदान कानात तरी सांगायच्या.

मामंजी म्हातारे होऊन गेले, झोपेतच गेले. मग सासूबाई, मावशी, डॉक्टर, आणि आमचे हेही. पोरगी वाचली. ती आहे आणि मी आहे.